नदी कुठल्या हाताला

चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या तिला एकदम आपलं गाव दिसलं. नाकावर ती डोळे तपासायची जड, गोल चौकट होती. चष्मेवाला एकामागून एक काचा अडकवत "आता? आणि आता?" विचारत होता, आणि ती शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होती. शेवटची काच बसल्यावर "जरा लांबचं बघा, मावशी," म्हणून त्याने तिची खुर्ची समोरच्या मोठ्या आरशाकडे फिरवली. आरशात तिचे पांढरे केस, केसांमागे भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर आणि कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला टांगलेली चिनी मातीची ताटली. ताटलीत शाळेच्या पायऱ्यांवरून दिसायचं तसं गाव. डाव्या हाताला बाजाराची कौलं, मधे ते वाकडं झाड, आणि उजव्या हाताला नदी. चित्राखाली काहीतरी लिहिलेलं होतं, ते आरशात उलटं पडल्यामुळे लागत नव्हतं. पण वाचायची गरजच नव्हती. अडतीस वर्षांत पहिल्यांदा नदी आपल्या जागी होती. तिने गर्रकन मान वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि नदी पुन्हा डावीकडे गेली.

"दिसतंय ना नीट?" चष्मेवाल्याने विचारलं. ती म्हणाली, "दिसतंय." आणि मग, स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकत, "ही ताटली कुणाची?" तो हसला. "आईची. तिच्या गावची आठवण. धरणाखाली गेलं ना ते गाव, त्या वेळी घरटी एक दिली होती. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा, मला काही आठवत नाही. पण आईने तीन घरं बदलली, ताटली काही सोडली नाही. वर बसलीये, आता दिसत नाही फारसं. डोळ्यांच्या दुकानाच्या वर राहते आणि दिसत नाही, असं म्हणून स्वतःच हसते." तिने चौकट उतरवून त्याच्या हातात दिली. नाकावर दोन खळगे पडले होते, ते बोटांनी चोळत ती त्या ताटलीसमोर जाऊन उभी राहिली. काठावरच्या सोनेरी पट्टीत एका ठिकाणी बारीक बुडबुडा राहून गेला होता. हा बुडबुडा आपल्याच अंगठ्याखालून निसटला असेल, की शेजारी बसणारीच्या? सांगता आलं नसतं. पण चारशे ताटल्यांपैकी निम्म्या तिच्या हातच्या होत्या, हे मात्र पक्कं होतं.

ओळखीपाळखीत तिला सगळे ताटलीवाल्या मावशी म्हणत. तिच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकी सोडून प्रत्येक भिंतीवर ताटल्या होत्या: धबधबे, दीपगृहं, घड्याळाचे मनोरे, डोंगरावरची हॉटेलं, कुठल्या तरी गावाच्या शताब्दीची, कुठल्या तरी पुलाच्या उद्घाटनाची. नवरा बसच्या तिकिटांचा तपासनीस होता, गावोगाव फिरायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने जुन्या बाजारातून ताटली आणलेली पाहून त्याला वाटलं, बायकोला हौस आहे. मग तो बिचारा जाईल तिथून एक उचलून आणायचा, कागदात गुंडाळून, पोटाशी धरून, गर्दीत उभ्याने. "ही बघ, खास तुझ्यासाठी," म्हणायचा. ती घ्यायची, पुसायची, खिळा ठोकायची. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की भिंतीवरच्या ताटल्यांशी तिला काही कर्तव्य नव्हतं. तिची हौस कपाटाच्या तळाशी होती, जुन्या चादरींत एकेक वेगळी बांधलेली. सगळ्या एकाच गावच्या. सव्वीस. भंगारवाल्यांकडून, घरं मोडणाऱ्यांकडून, म्हाताऱ्या माणसांच्या मागे राहिलेल्या खोक्यांतून तिने त्या वेचून आणल्या होत्या. एकाच गावच्या ताटल्या मागत फिरणारी बाई लोकांच्या नजरेत येते; म्हणून ती बाकीच्या गावांच्याही घ्यायची. भिंतीवरची सगळी ठिकाणं ही एका ठिकाणावर घातलेलं पांघरूण होतं. कधी दुपारी एकटीच बसलेली असताना एखाद्या दीपगृहाकडे बघून तिच्या मनात यायचं, याचा तरी समुद्र बरोबर बाजूला आहे का? की तिथलीही कुणी मुलगी कारखान्यात बसून हसली होती?

कारण ती हसली होती. ते हसणं तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा ती बावीस वर्षांची, शहरात चिनी मातीच्या कारखान्यात कामाला लागून चार वर्षं झालेली. चित्रं चिकटवायच्या खोलीत लांबलचक टेबलाशी बारा जणी बसायच्या. समोर कोमट पाण्याची परात. चित्राचा कागद पाण्यात सोडायचा, तो भिजला की चित्र सालीसारखं सुटून बोटांवर यायचं, ते पांढऱ्या ताटलीवर सरकवायचं, मधोमध आणायचं, आणि रबरी पट्टीने खालचं पाणी, हवा बाहेर काढायची. मग भट्टी. परातीत तिने किती गावं भिजवली असतील! बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडायच्या, त्या संध्याकाळपर्यंत जायच्या नाहीत. एके दिवशी सकाळी कागदांचा नवा गठ्ठा आला, आणि पहिलंच चित्र बोटांवर आलं तर तिचं गाव. धरणाच्या कचेरीने मागणी दिली होती. गाव उठण्याआधी प्रत्येक घराला एक भेट. ती ओरडलीच, "अगं बाई, हे माझं गाव!" सगळ्या जणी माना उंचावून बघायला लागल्या. तिने दाखवलं: शाळा नाही दिसत, कारण फोटो शाळेच्या पायऱ्यांवरून काढलाय, हा बाजार, हे झाड, हे माझ्या वडिलांचं होडी लावायचं ठिकाण. वडील होडीवाले होते. तिने अकरा ताटल्या भराभर केल्या, लग्नघरातल्यासारख्या उत्साहात. बारावीला तिचा हात थांबला.

होडी लावायचं ठिकाण डावीकडे होतं. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात पायऱ्यांवर उभी राहिली, आणि पुन्हा उघडले. छापताना कुणीतरी फोटोची निगेटिव्ह उलटी लावली होती. खालची अक्षरं वेगळी जुळवलेली, म्हणून ती सरळ. ती उठून मुकादमाकडे गेली. मुकादम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "तुला नक्की माहितीये?" ती म्हणाली, "माझं गाव आहे, साहेब." त्याने गठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "अगं, बुडायला निघालेल्या गावाची उजवी काय न् डावी काय! मासे थोडेच तक्रार करणार आहेत?" टेबलावर हशा पिकला. आणि तीही हसली. का हसली, हे नंतर तिने हजार वेळा स्वतःला विचारलं. सगळ्या हसत होत्या म्हणून. मुकादम वाईट माणूस नव्हता म्हणून. चार वर्षं शहरात राहून आपण कुणी खेडवळ नाही, हे दाखवायची तेव्हा फार घाई होती म्हणून. ती जागेवर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने आपलं गाव दोनशे वेळा उलटं चिकटवलं.

त्यातली एक ताटली घेऊन ती रजेवर घरी गेली होती. घरात गाठोडी बांधलेली, धाकटा भाऊ दारं उचकटून काढत होता, नव्या वसाहतीत उपयोगी पडतील म्हणून. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी ताटली दोन्ही हातांत धरली, लांब नेली, जवळ आणली. पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाची ती बघायची पद्धत; घाई नाही. मग म्हणाले, "आपली नदी कुठल्या हाताला गं?" ती म्हणाली, "उजव्या." "आणि इथे?" तिने ताटलीकडे पाहिलं. "चिकटवताना दिसलं नाही तुला?" तिच्यासमोर दोन उत्तरं होती. दिसलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग काय केलंस? आणि त्याच्या उत्तरात ते हसणं होतं. "नाही बाबा," ती म्हणाली, "कामाच्या घाईत नाही आलं लक्षात." वडील तिच्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "चार वर्षांत विसरलीस?" एवढंच म्हणाले, आणि ताटली पालथी करून बाजूला ठेवली.

"मीही त्याच गावची," असं तिने सांगताच चष्मेवाला तिला वर घेऊन गेला. त्याची आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. शहाऐंशीची असेल, बारकी, ताठ, डोळ्यांत दुधासारखा पडदा. "आई, तुझ्या गावच्या कुणी आल्यात," म्हणून सांगून मुलगा खाली गेला, दुकानात गिऱ्हाईक होतं. म्हातारीने हात पुढे केला. "जवळ ये. कुणाची तू?" ती म्हणाली, "होडीवाल्याची मोठी." आणि त्याच क्षणी तिनेही ओळखलं: ही पोस्टमास्तरीण. शाळेला लागूनच पोस्ट, एकाच ओळीत, एकाच तोंडाचं; पोस्टाच्या पायरीवर बसून ही बाई शाळा सुटल्यावर पोरांना दटावायची, "पळू नका, पडाल मेल्यांनो!" म्हातारीने तिचा हात सोडला नाही. "होडीवाल्याची मोठी! म्हणजे ताटल्या केल्यास ती तू!" आणि तिचा चेहरा इतका उजळला, की समोरचीला खाली बघावंसं वाटलं, दिसत नसलेल्या बाईसमोरसुद्धा. "बाई गं, काय उपकार केलेस. माझ्या डोळ्यांत काही उरलं नाही आता, पण दुकान बंद झालं की मुलगा रोज ताटली वर आणतो, मी तिच्यावर बोट फिरवते. पायरीवर उभं राहायचं, उजवीकडे बाजार, डावीकडे नदी. सगळं जिथल्या तिथे."

खाली दुकानाच्या दाराची घंटी वाजली, कुणीतरी आत आलं किंवा बाहेर गेलं. म्हातारी मात्र रंगात आली होती. गावचं माणूस कितीक वर्षांनी हाताला लागलेलं. कोण कुठे गेलं, कोण कधी गेलं, सगळं सांगून झालं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या बापाचं मात्र वाईट झालं हो. वसाहतीत आल्यावर डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या. घरोघर जायचा. म्हणायचा, ताटल्या उतरवा, नदी उलटी आहे. लोक म्हणायचे, अहो, फोटो समोरून काढला असेल, म्हणून तसं दिसतं. तर ऐकेना. म्हणायचा, आज तुम्हाला ठाऊक आहे, उद्या पोरांना ही ताटलीच खरी वाटेल. माझ्याही दारात आला होता. मला हसू आवरेना. मी म्हटलं, जा बाबा घरी, निजून राहा जरा."

हे सगळं तिला ठाऊक होतं. भावाचं पत्र आलं होतं तेव्हा. सतरा वर्षांचं पोर, घरातला एकटा कर्ता, त्याने वहीच्या पानावर लिहिलं होतं: ताई, बाबा रोज कुणाच्या तरी घरी जाऊन भांडतात, लोक हसतात, मला बाहेर तोंड दाखवायला लाज वाटते. डॉक्टर म्हणाले मनाला धक्का बसलाय, त्यांच्याशी वाद घालू नका. मी काही म्हटलं की म्हणतात, तुझ्या ताईला विचार. तर ताई, तू एकदा लिही की चित्र बरोबर आहे, म्हणजे ते शांत होतील. ते पत्र तिने तीन दिवस पिशवीत घालून कामावर नेलं आणि परत आणलं. कारखान्यात तिला नुकतीच टेबलाची प्रमुख केली होती. लग्न ठरत होतं. तिने स्वतःला समजावलं, की डॉक्टर म्हणतात म्हणजे बरोबरच असेल. खरं सांगून म्हाताऱ्याला आणखी पेटवण्यापेक्षा हे बरं. पुढे कधीतरी समोर बसून सांगता येईल. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ओल्या बोटांनी, तिने कार्ड लिहिलं. बाबा, चित्र मी स्वतः तपासलं आहे. ते बरोबर आहे. काळजी घ्या. शाई एका ठिकाणी फुटली होती. भावाचं उत्तर आलं: बाबा शांत झाले, आता कुठेच जात नाहीत. त्यानंतर आठ आठवड्यांनी ते गेले. कशाने, ते नीट कळलंच नाही. जेवण कमी केलं होतं म्हणे.

"तुझं कार्ड आलं, तेव्हा कुठे तो थांबला," म्हातारी म्हणत होती. "तुझ्या भावाने आणून दाखवलं आम्हा सगळ्यांना. शहाणी पोर. बापाला सांभाळलंस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, हे शब्द बाहेर यायला काहीतरी मोठं घडावं लागेल, धरण फुटावं लागेल. तसं काही झालं नाही. खाली चष्मेवाला कुणाला तरी "आता? आणि आता?" विचारत होता. "काकू," ती म्हणाली, "कार्ड खोटं होतं. चित्र उलटंच आहे. मला तेव्हाच दिसलं होतं. चिकटवतानाच."

म्हातारीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "म्हणजे?"

"नदी उजव्या हाताला होती. बाबा बरोबर होते."

"काहीतरीच," म्हातारी म्हणाली. मग जरा रागाने, "अगं, मी रोज बघते!" खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. शेवटी म्हातारीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. "मला उठव." तिने आधार देऊन उभं केलं. "माझं तोंड खिडकीकडे आहे ना? असं समज, ही पोस्टाची पायरी. डाव्या कमरेवर कपड्यांची बादली. सकाळची वेळ. आता काही बोलू नकोस, सांगू नकोस मला काही." म्हातारीने डावा हात कमरेशी वाकवला, नसलेली बादली सावरली, आणि डोळे मिटले. दिसत नसताना डोळे कशाला मिटायचे, असं कुणालाही वाटलं असतं, पण तिने मिटले. पाऊल उचललं, थबकली. ओठ हलत होते. मग अंग आपसूक वळावं तशी ती वळली, उजवीकडे, दोन पावलं गेली, जरा झुकून, उतारावरून जाताना झुकतात तशी, आणि कपाटावर आपटली.

ती धावली. "लागलं का?" म्हातारीने मान हलवली. कपाटाच्या दारावर तळहात टेकून ती तशीच उभी राहिली, पाठमोरी. "इथून दगडी पायऱ्या," ती म्हणाली. "सतरा." आणि मग, "मी हसले होते त्याला. माझ्या दारात. पाणीसुद्धा विचारलं नाही." अजून पाठमोरीच, अगदी साध्या आवाजात, नळ बंद केला का विचारावं तसं तिने विचारलं, "तू का नाही गं लिहिलंस खरं? दुसरं कुणी सांगायची गरजच नव्हती. तू एकटीने सांगितलं असतंस तरी पुरलं असतं त्याला." म्हातारीला खुर्चीत बसवून ती निघाली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "ताटली घेऊन जा. मला नको आता." आणि ती जिन्यापर्यंत पोचते तोच, "नको, नको. राहू दे. दुसरं काय आहे माझ्याजवळ?"

चष्मेवाल्याने पावती दिली, शुक्रवारी या म्हणाला. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, माणसं जेवायला बाहेर पडली होती. ती बसथांब्याच्या बाकावर बसली. शेजारी एक मुलगी पाय हलवत फळ खात होती. भावाचा नंबर तिला पाठ होता, पण बोटं दोनदा चुकली. भाऊ दुसऱ्या शहरात, शाळेत हेडमास्तर. या वेळी मधली सुट्टी असते, हे तिला ठाऊक होतं. पलीकडे पोरांचा गलका ऐकू आला, मग दार लावल्यासारखा कमी झाला. "बोल ताई. बरी आहेस ना? या वेळी कसा फोन?"

"बाबा बरोबर होते," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

ती सांगायला लागली. मुकादम, बारावी ताटली, हशा, ओसरी, कार्ड, सगळं. क्रमाने, काही न गाळता, आपण कुणाच्या तरी तोंडून ऐकतोय तसं. तिला वाटलं, तो आता फोन ठेवेल. ठेवला असता तर तिने त्याला दोष दिला नसता. त्या सतरा वर्षांच्या पोराच्या हातून तिने ते कार्ड घरोघर फिरवलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "मलाही उजवीकडेच आठवत होती गं. शाळा सुटली की मी उजवीकडेच पळायचो बाबांकडे. पण तू लिहिलंस तपासलंय म्हणून. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. बाबांना कार्ड वाचून दाखवलं, तेव्हा मी त्यांना तेच म्हणालो. म्हटलं, बाबा, आपल्या दोघांचंही चुकतंय."

"मग? काय म्हणाले ते?"

"काही नाही. कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, असेल रे. पोर तिथे कामाला आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."